सायकलच्या भावात

पायवाली कुणाच्याही पायाला नाक मुरडत नसे. म्हाताऱ्या माणसांची जाड, पिवळी, मांसात वळलेली नखं कापायची, कुरुपं खरवडायची, टाचांच्या भेगांतला मळ काढून त्यांत मलम भरायचं, हा तिचा धंदा होता आणि तो ती घरोघरी जाऊन करी. ज्यांना वाकता येत नाही आणि ज्यांच्या पायाला हात लावायला घरचं कुणी धजत नाही, अशी माणसं शहरात काही कमी नव्हती. लेकी-सुना दारात उभ्या राहून विचारत, “तुम्हाला किळस नाही का येत?” ती म्हणे, “पाय आहे तो. एवढं आयुष्य ह्याच्यावर उभं राहिलं, थोडा कळकटणारच.” आणि टबात कोमट पाणी मागे.

किळस तिलाही यायची, पण ती माणसांच्या पायांची नव्हे, तोंडांची. जिभेवर साखर ठेवून बोलणाऱ्या माणसासमोर थोडा वेळ बसावं लागलं तरी तिच्या घशाशी आंबट यायला लागे. आणि दैव असं, की अशा माणसांचा मेरुमणी तिच्याच सासरी होता. तिचा धाकटा दीर.

दिरानं आजवर पुष्कळ धंदे केले होते. पाणी गाळायची यंत्रं, पाठीला चिकटवायचे पट्टे, न चिकटणारे तवे. धंदा कुठलाही असो, पहिलं गिऱ्हाईक नातेवाईक, हा त्याचा नेम. पायवालीच्या घरच्या माळ्यावर ह्या सगळ्या धंद्यांची हाडं पडलेली होती. न चिकटणाऱ्या तव्याला सगळं चिकटे आणि चिकटायचा पट्टा कशालाच चिकटत नसे. तिचा नवरा मात्र ह्यातलं काही टाकू देत नसे. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. माणूस सरळ, मितभाषी, पण धाकट्या भावापुढे त्याची मान आपोआप हले. वडील गेले तेव्हा हा भाऊ एवढासा होता, ह्यानंच त्याला खांद्यावर घेऊन वाढवला, आणि तो अजून काही खांद्यावरून उतरला नव्हता.

ह्या खेपेला दिरानं भर रस्त्यावर काचेचं दुकान थाटलं आणि बॅटरीवर पळणाऱ्या सायकली विकायला काढल्या. दिसायला मोटारसायकलची धाकटी बहीण. पायडलही होतं, आणि उजवी मूठ पिळली की पाय न हलवताही ती पळे. दुकानावर मोठी पाटी लागली: ‘सायकलच्या भावात मोटारसायकल’.

एका रविवारी तो त्यातलीच एक लाल गाडी घेऊन वहिनीच्या इमारतीखाली हजर झाला आणि खालूनच हाका मारू लागला.

“वहिनी, तुमच्या गुडघ्यांकडे बघवत नाही मला,” तो म्हणाला. “खरं सांगतो, रात्री झोपताना डोळ्यासमोर येतात.”

“माझे गुडघे?” पायवाली म्हणाली.

“दोन्ही. आणि ती तुमची पिशवी. टब काय, बाटल्या काय. टेकडीवर बस जात नाही, तुम्ही हे सगळं घेऊन चढता. दादा, तू बघतोस कसं हे?”

दादांची मान हलायला लागलीच होती. पायवालीला घशाशी आंबट जाणवलं, पण गुडघ्यांचं म्हणणं वेगळं होतं. तिची निम्मी गिऱ्हाइकं टेकडीवर राहत. चढ असा की अर्ध्यावर एका कुंपणाच्या भिंतीवर टेकावंच लागे, आणि पहिल्या घरी पोचेपर्यंत पाठ घामानं चिंब. गाडी स्वस्त होती, हेही खरं. चांगल्या कंपनीची घ्यायची तर तिची पुंजी पुरली नसती. दिरानं तिला गाडीवर बसवून फोटो काढला, दादाच्या खांद्यावर हात टाकला, आणि गाडी तिची झाली.

आता खोटं कशाला बोला. पहिल्या सकाळी ती टेकडीच्या पायथ्याशी आली, मूठ पिळली, आणि गाडी हलकेच गुरगुरत चढायला लागली तेव्हा पायवालीला हसू फुटलं. रस्त्यात कुणी नव्हतं म्हणून बरं. ज्या भिंतीवर ती रोज टेकायची ती भिंत बाजूनं निघून गेली. मागच्या कॅरियरवर पिशवी, त्यात टब, बाटल्या एकमेकींवर किणकिणतायत, आणि तोंडावर गार वारा. पहिल्या घरी ती पोचली ती धापा न टाकता. आजीबाईंनी विचारलंसुद्धा, “आज लवकर उठलात का?” पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही, गाडी लावायला हातभर जागा पुरे. ती दिवसाला जास्त घरं करू लागली. संध्याकाळी गुडघ्यांना शेक द्यायचं काम बंद झालं. त्या आठवड्यांत दिराबद्दल मनात काही वाकडं आलं तर ती स्वतःलाच दटावायची, की माणूस तोंडाचा गोड असेना का, पण ह्या वेळी मालही गोड निघाला.

मग गाडीनं गुण उधळायला सुरुवात केली.

आधी मुठी. त्यांचं काळं रबर उन्हात हळूहळू पाझरल्यासारखं चिकट झालं. मूठ पिळली की तळव्याला डांबरासारखं काही लागे आणि साबणानं जात नसे. गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावण्याआधी तिला आता ब्रशनं हात घासावे लागत. तिनं मुठींना फडकी गुंडाळली. फडकी दोन दिवसांत काळी होऊन मुठीशीच एकजीव झाली, एखाद्या जुनाट जखमेवरची पट्टी व्हावी तशी. मग सीट. शिवण उसवली आणि आतल्या स्पंजात पावसाचं पाणी मुरलं. वरून सीट कोरडी ठणठणीत दिसे, पण बसलं की आतलं आंबलेलं पाणी वर येई. एकदा ती एका घरात शिरली आणि घरच्या सूनबाईनं तिच्या मागे बघून हळूच खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. त्या दिवशी पायवालीला स्वतःचीच शिसारी आली. तेव्हापासून ती सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घालून बसे, आणि पिशवी उन्हात तापून मांड्यांना चिकटे.

ब्रेक लावला की गाडी मान पकडलेल्या मांजरासारखी ओरडे. आणि बॅटरीचा तर भरवसाच नव्हता. दिरानं सांगितलं होतं त्याच्या निम्मंही अंतर ती जात नसे. समोरच्या छोट्या पडद्यावर सगळ्या रेघा भरलेल्या दिसत, आणि टेकडीच्या ऐन मध्यावर एकदम सगळ्या मावळत. बॅटरी मेली की ती गाडी सायकल राहत नसे. पायडल मारून बघा, म्हशीला पाठीवर घेऊन चढण्यातली गत. मग पायवाली उतरून तिला ढकलत नेई. आधी नुसती पिशवी होती, आता पिशवी आणि म्हैस. संध्याकाळी ती विटेसारखी जड बॅटरी काढून तीन जिने वर न्यायची, रात्रभर चार्ज करायची, सकाळी पुन्हा खाली.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ती गेली, तर त्यानं गाडीकडे बघून हात मागे घेतले.

“पंक्चर काढून देतो. बाकी हिच्या अंगाला हात लावणार नाही.”

“का बरं?”

“बाई, ही आमच्यातली नाही आणि मोटारवाल्यांच्यातलीही नाही. आत वायरींचा नुसता बुजबुजाट आहे. उघडली तर मिटायची कशी? जिथून आणलीत तिथंच न्या.”

जिथून आणली तिथं दीर होता. तो म्हणाला, “वहिनी, गाडीला जरा समजून घ्या. नवीन माणसासारखं असतं हे. तिची सवय होते मग.” आणि तिला गार पाणी पाजून परत पाठवलं. दुकानाच्या काचेवर तिचा तो रविवारचा फोटो लागला होता, दारापेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं, ‘गुडघे विसरले, टेकडी जिंकली. एक समाधानी ग्राहक’. असलं वाक्य ती मेली तरी बोलली नसती. तिनं काढायला सांगितलं तर तो कृतार्थ चेहऱ्यानं म्हणाला, “लोक तुमच्याकडे बघून येतात, वहिनी. तुमच्या चेहऱ्यावर खरेपणा आहे.”

लोक खरंच येत होते. टेकडीवरचे निवृत्त ग्रंथपाल तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना मधुमेह, पायांना जाणीव कमी, त्यामुळे नखं काढायचं काम जपून. त्यांनी तिला पहिल्या आठवड्यांतच विचारलं होतं, “गाडी कशी आहे हो?” आणि तेव्हा जे खरं होतं ते तिनं सांगितलं होतं, की चढ छान चढते. ग्रंथपालांची मुलगी लहानपणीच्या आजारानं एका पायानं अधू होती. कपड्यांना काजं-बटणं करायचं काम ती घरी बसून करी. वडलांनी तिच्यासाठी तसलीच निळी गाडी घेतली.

आणि मग तो वास सुरू झाला.

एका संध्याकाळी घरात शिरताच पायवालीला तो आला. गोडसर, नाकात चढणारा, नखांचा रंग काढायच्या औषधासारखा. असलं औषध तिच्या पिशवीत नेहमी असे, म्हणून तिनं आधी पिशवी उपडी केली. सगळी बुचं घट्ट होती. तिनं पिशवी धुऊन वाळत घातली, फरशी पुसली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, आता थोडा सडक्या फळासारखा. भाजी टाकून दिली, केराचा डबा घासला. चार-आठ दिवस ती घरभर वास हुंगत हिंडत होती. शेवटी वाकून चपलांच्या मांडणीशी नाक नेलं तेव्हा सापडला. मांडणीवर बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. घराला दार एकच, आणि मोकळं सॉकेटही तिथंच, दाराशी.

तिनं दिराला फोन केला. तो म्हणाला, “नव्या वस्तूला वास असतोच, वहिनी. नव्या बुटांना नसतो का?”

“बूट दिवसेंदिवस जास्त वास मारायला लागले तर ते नवे नसतात, भाऊजी.”

तो खूप हसला. तिच्या विनोदबुद्धीचं त्यानं कौतुक केलं. आणि एक छोटीशी विनंती केली, की दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय, तुम्ही फक्त टेकडीवर उभं राहून दोन शब्द बोला. तिनं फोन ठेवला आणि उगाचच हात धुतले.

सासूबाई धाकट्या मुलाकडे राहत. त्यांचं बैठं घर होतं, मागे थोडी बाग. पायवाली दर महिन्याला जाऊन त्यांचे पाय करून देई. त्या महिन्यात ती गेली तेव्हा दुपार होती, दीर दुकानात. सासूबाई खुर्चीत, पाय टबात, जाऊ शेजारी मटारच्या शेंगा सोलत बसलेली. जाऊ तशी भोळी होती, मनात येईल ते तोंडावाटे निघून जाई. पायवालीनं सहज विचारलं,

“तुमच्याकडे पण चार्जिंगला असा गोडसर वास येतो का गं?”

“आमच्याकडे कुठला?” जाऊ म्हणाली. “हे एकही गाडी घरात आणू देत नाहीत. बॅटरी तर नाहीच. मागे गोदामाच्या शेडमध्ये एक पेटली ना, केवढा धूर, तेव्हापासून ह्यांनी कानाला खडा लावलाय. मी म्हटलं, मला एखादी द्या की बाजारात जायला, तर म्हणाले, तुला पेट्रोलचीच घेऊन देतो.”

मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि ती शेंगांकडे बघायला लागली.

पायवालीच्या हातात सासूबाईंचा अंगठा होता. नख आत वळलेलं, त्याचा कोपरा चिमट्यात धरलेला. हात हलला असता तर रक्तच आलं असतं. तिनं तो कोपरा नीट सोडवला, कापला आणि बाजूला ठेवला.

“कधी पेटली?” तिनं विचारलं.

“अगं, शेड होती नुसती,” सासूबाई म्हणाल्या. “कुणाला काही झालं नाही. तुला द्यायच्या आधीची गोष्ट आहे ती. त्यानं मला सांगितलं तेव्हा रडला बिचारा. सगळं भांडवल अडकलंय त्याचं. आता घरातली गोष्ट घरात राहू दे.”

“आई, मी कोणत्या घरातली?”

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पाय मात्र त्यांनी मागे घेतला नाही, कारण दुसरा पाय अजून व्हायचा होता. पायवालीनं तोही केला. कानस फिरवली, बोटांच्या बेचक्यांत कोरडं केलं, टाचांना मलम चोळलं. त्या सुरकुतलेल्या, निळ्या शिरांच्या पायांत घाण वाटावं असं काही नव्हतं. तिला शिसारी येत होती ती त्या स्वच्छ खोलीची, दुमडून ठेवलेल्या चादरींची, जावेच्या वाडग्यातल्या हिरव्यागार दाण्यांची. ह्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ह्या खोलीतून दर आठवड्याला ‘दादा कसा आहे’ म्हणून फोन येत होता, आणि दादा त्या बॅटरीपासून चार पावलांवर झोपत होता. तिनं टबातलं पाणी मोरीत ओतलं, तो धुतला आणि निघाली.

घरी नवरा रात्रपाळी करून झोपलेला होता. आज ती बसनं गेली होती, म्हणून बॅटरी दाराशी चार्जिंगलाच होती. तिनं आज पहिल्यांदाच तिला उचलून उजेडात धरलं. प्लॅस्टिकचं कवच मधोमध फुगून शिवणीवर उललं होतं, आणि फटीतून चंदेरी कातडीसारखं काही बाहेर फुगत होतं, पिकलेल्या गळवासारखं. हाताला कोमट. तिनं प्लग उपटला, खाली चाललेल्या बांधकामावरून टबभर वाळू आणली, बॅटरी तिच्यात पुरली आणि तो टब इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. वर आली तेव्हा नवरा उठून बसला होता. तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता.

“मुद्दाम करेल असं वाटतं तुला?” तो म्हणाला.

“ते मला माहीत नाही. त्यानं स्वतःच्या घरात ठेवली नाही आणि आपल्या घरात ठेवली, एवढं माहीत आहे.”

“भांडण नको करू.”

“भांडत नाही. परत देऊन येते.”

तो कुशीवर वळला, पण झोपला नाही, हे तिला पाठीवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळूचा टब कॅरियरवर बांधला आणि गाडी ढकलत दुकानापर्यंत नेली. रस्ता लांब होता. वाटेत दोघांनी बॅटरी संपली का म्हणून विचारलं, ती हो म्हणाली.

दुकानात एक जोडपं गाडी बघत होतं, बाई गर्भार होती. दीर त्यांना सांगत होता, की घरच्या साध्या सॉकेटवर लावा, रात्री निवांत झोपा, सकाळी गाडी तयार. वहिनीला बघून त्याचा चेहरा उजळला.

“ह्या बघा, ह्यांचाच फोटो आहे काचेवर. माझ्या सख्ख्या वहिनी. विचारा त्यांना.”

पायवालीनं टब उचलून त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि वरची वाळू हातानं सारली. फुगलेलं कवच दिसायला लागलं. वास लगेच पसरला. गर्भार बाईनं नाकावर हात धरला.

“भाऊजी, चार्जर आणलाय मी,” पायवाली म्हणाली. “इथं लावा. तुमच्या टेबलाखाली सॉकेट आहे. तुम्ही शेजारी बसा, मीही बसते. भरली की घेऊन जाते.”

“वहिनी, ही जरा... ही बदलून देतो ना मी. आत या, चहा घेऊ.”

“बदलायला कशाला हवी? नव्याचा वास आहे, तुम्हीच म्हणालात. माझ्या घरी दाराशी लागत होती, तुमचे दादा पलीकडे झोपत होते. इथं तर दारं दोन आहेत. लावा.”

तिनं आवाज चढवला नव्हता. चार्जरची वायर तिनं त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली आणि तशीच धरून राहिला. हसू अजून तोंडावर होतं, पण ते आता तिथं विसरून राहिलेलं दिसत होतं. तो खुर्चीवरून उठला आणि टेबलापासून एकेक पाऊल मागे सरत भिंतीला टेकला. जोडप्यातला नवरा हे सगळं बघत होता.

“का लावत नाही हो?” त्यानं साधेपणानं विचारलं.

दीर वायर गुंडाळायला लागला. त्या माणसानं बायकोचा हात धरला आणि दोघं बाहेर पडली.

तेव्हा दिराच्या तोंडची साखर पहिल्यांदा उडाली. “माझ्या पोटावर पाय दिलात, वहिनी. आपल्याच माणसांनी.”

“पायाचं मला कळतं थोडंफार,” पायवाली म्हणाली. “ही बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवा. वाळू काढू नका. टब मला परत पाठवा, तो माझ्या कामाचा आहे.”

गाडी तिनं दारातच सोडली. तिथून ती थेट टेकडीवर गेली, चालत. भिंतीवर दोनदा टेकली. ग्रंथपालांच्या घरी बापलेक दोघं होती. तिनं त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “माझ्या शब्दावर घेतलीत. मी तेव्हा खोटं नव्हते बोलले, पण आता सांगते, परत करा.”

ग्रंथपालांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी काजाचा दोरा तोडत होती.

“मी नाही देणार,” ती म्हणाली. “मावशी, मी आजवर केलेले कपडे पोचवायलासुद्धा दुसऱ्याची वाट बघत बसायचे. आता मी स्वतः जाते. परवा नदीपर्यंत गेले. काही काम नव्हतं, उगीच गेले. तिथं बसले आणि परत आले. ते मी परत नाही देणार.”

“पेटली तर?”

“मग घरात नाही लावणार. पण मला परत घरात बसवू नका.”

मुलीचं म्हणणं खरं होतं, आणि त्यानंच पायवालीला सर्वांत जास्त किळस आली. चांगली वस्तू होती ती. ह्या मुलीला नदी दाखवणारी, पायवालीच्या स्वतःच्या गुडघ्यांना विसावा देणारी. आणि ती असल्या हातांतून यावी, पोटात असला पू घेऊन. दीर नुसता फसवा असता तर परवडलं असतं. त्यानं विकलं ते निम्मं खरं होतं.

तिघांनी मिळून बॅटरी काढून बघितली. हिचं कवच अजून सपाट होतं, वास नव्हता. ओसरीच्या पलीकडे फरशीवर, भिंतीपासून लांब तिची जागा ठरली. चार्जिंग दिवसाउजेडी, कुणी जागं असताना, आणि वास आला की बंद. पुढे काही महिन्यांनी मुलीनं काजा-बटणांचे पैसे साठवून दुसऱ्या चांगल्या कंपनीची बॅटरी बसवून घेतली. ती जवळजवळ गाडीच्याच किमतीला पडली. सायकलच्या भावातली गाडी शेवटी मोटारसायकलच्या भावात पडली, पण भीती गेली एकदाची.

सासरी अर्थातच वादळ झालं. सासूबाईंनी मोठ्या मुलाला बोलावून घेतलं, धाकटा रडला, जाऊ रडली. नवरा संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या नखांत कागदाचे कपटे आणि वाळलेला गोंद अडकलेला होता.

“कुठं होतात?” तिनं विचारलं.

“दुकानात. तुझा फोटो काढला काचेवरून. खरवडून काढावा लागला.” तो खुर्चीत बसला. “गोंद मात्र पक्का होता. तेवढी एकच पक्की वस्तू त्या दुकानात.”

तिनं कोमट पाणी आणलं, त्याचे हात बुडवले आणि एकेका नखाखालचा गोंद काढला. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावर चढून पट्टे, तवे आणि गाळणीची यंत्रं खाली काढली आणि भंगारवाल्याला हाक मारली.

दुकान बंद झालं नाही. थोड्या दिवसांनी तिथं नवी पाटी लागली, नवा माल आला, काचेवर दुसऱ्याच कुणाचा हसरा चेहरा आला. पायवालीनं नगरपालिकेत तक्रार दिली. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुमची पेटली का? नाही पेटली म्हटल्यावर तो म्हणाला, मग झालं काय? ती बस पकडून घरी आली. आता त्या रस्त्यानं जायचं झालं की ती पलीकडच्या फुटपाथवरून जाते, गटार उघडं असतं तिथून.

टेकडी ती पुन्हा पायीच चढते. गिऱ्हाइकं कमी घेते. परवा ती भिंतीवर टेकून गुडघे चोळत होती, तेवढ्यात मागून मांजर ओरडल्यासारखा ब्रेक वाजला आणि ग्रंथपालांची मुलगी थांबली.

“द्या ती पिशवी इकडे, मावशी. वरच्या फाटकाशी ठेवते.”

“सांभाळून ने. बाटल्या आहेत.”

मुलीनं पिशवी कॅरियरवर बांधली, मूठ पिळली आणि गाडी वळणापलीकडे गेली. पायवाली उठली. मोकळे हात मागे बांधून ती सावकाश चढायला लागली. अर्ध्या वाटेवर वरून मुलीचा आवाज आला, की पहिल्या घरच्या आजीबाई दारात येऊन उभ्या आहेत आणि पाणी तापत ठेवलंय.